सगळं काढून पुन्हा टाकण्याआधी

"मॅडम, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. सगळ्यांचं चालतं, माझंच चालत नाही." कॉम्प्युटरला असलेली मुलं हे वाक्य घेऊन माझ्याकडे येतात. अशाच एका मुलाची ही हकीकत. ओळख पटेल असं काही देत नाही.

एप्रिलमधली सोलापूरची दुपार. मुलगा शेवटच्या वर्षाचा, सोबत वडील. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर. पाळी बुडवून आले होते. "शिक्षण सोडतो म्हणतोय," एवढंच बोलले. प्रोजेक्ट जमा करायला नऊ दिवस उरले होते.

मुलाला मी कागद दिला. काय काय केलंस ते क्रमाने लिही, का केलंस ते नको. समुपदेशनात येण्याआधी मी काही वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, त्यामुळे तो लिहीत असताना मला अंदाज येत गेला. लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओची, म्हणजे मोबाइल ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरची, स्थिर आवृत्ती होतीच. नव्या सोयी हव्यात म्हणून त्याने कॅनरीही टाकली. कॅनरी म्हणजे सगळ्यात आधी बाहेर येणारी, सगळ्यात कच्ची आवृत्ती. पाचव्या ओळीवर त्याचं पेन थांबलं: 'प्रोजेक्ट कॅनरीत उघडला. अपग्रेड करू का विचारलं. हो केलं.'

"मॅडम, इथे झालं का?"

इथेच झालं होतं. त्या एका होकाराने प्रोजेक्टमधलं अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन पुढच्या आवृत्तीवर गेलं. ग्रेडल म्हणजे कोडपासून ॲप बांधणारं साधन, प्लगइन ही त्याची अँड्रॉइडसाठीची जोड. कॅनरी अडखळायला लागली म्हणून तो स्थिर आवृत्तीकडे परतला, तर ती हे प्लगइन आपल्याला चालत नाही म्हणून अडून बसली. मग त्याने दोन्ही काढून पुन्हा टाकल्या. तीनदा, वडिलांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रात्री दोन-दोनपर्यंत जागून. पण प्लगइनच्या आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो प्रोजेक्टच्या फाइलमध्ये. स्टुडिओ कितीदाही नव्याने टाकला तरी तो आकडा तिथेच राहणार! दर वेळी तीच लाल पट्टी दिसायची आणि दर वेळी तो स्वतःला थोडं आणखी नालायक ठरवायचा. मला काळजी वाटली ती याची.

वडील इतका वेळ ऐकत होते. त्यांनी विचारलं, "दोन्हींचा माल एकाच गोदामातला का?" प्रश्न नेमका होता. वेगळं सांगितलं नाही तर दोन्ही आवृत्त्या एकच एसडीके फोल्डर, म्हणजे ॲप बनवायच्या साधनांचं फोल्डर, वापरतात. एकीकडून एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, अपडेट केला की दुसरीलाही तोच मिळतो.

आधी अख्ख्या प्रोजेक्टची एक प्रत बाजूला काढून ठेवली. सुदैवाने महिन्यापूर्वी त्याने मित्राला प्रोजेक्टची झिप मेल केली होती. जुने आकडे त्यात सापडले. आवृत्त्यांच्या यादीत प्लगइनचा आकडा मागे नेला, ग्रेडलची आवृत्ती ठरवणाऱ्या रॅपर फाइलमध्ये ग्रेडलचा. आकडे त्यानेच बदलले, मी हात लावला नाही. सिंक, म्हणजे बदललेले आकडे वाचून प्रोजेक्ट जुळवणं, सुरू झालं, तेव्हा वडीलही खुर्ची ओढून स्क्रीनच्या तळाशी सरकणारी पट्टी बघत बसले. लाल पट्टी आली नाही.

कॅनरी काढून टाक असं मी म्हणाले नाही. नवं बघायची ओढ चांगलीच. फक्त तिचं एसडीके फोल्डर वेगळं, तिच्यासाठी प्रोजेक्टची प्रत वेगळी, आणि काही उघडण्याआधी गिटमध्ये कमिट, म्हणजे कोडची त्या क्षणाची नोंद, मागे फिरता यावं म्हणून. कच्च्या आवृत्त्या एकमेकींशी भांडणार हे बनवणारेही धरून चालतात. पायथॉन भाषेचं पिप, म्हणजे तयार कोड उतरवून देणारं साधन, तर खास सांगितल्याशिवाय सहसा बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, उतरवतही नाही. मुलाला मी हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तो ऐकत नव्हता, स्क्रीनकडेच बघत होता.

निघताना वडिलांनी विचारलं, "म्हणजे पोराचं काही चुकलं नाही?"

"एके ठिकाणी न वाचता हो म्हणाला. ते मीही केलंय."

मुलाने कागद घडी घालून खिशात ठेवला. आठव्या दिवशी वडिलांचा फोन आला, प्रोजेक्ट जमा झाला होता. मुलगा पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, एकटाच. गिटमध्ये शाखा, म्हणजे मूळ कोड न बिघडवता प्रयोग करायची वेगळी वाट, कशी काढायची, ते विचारायला.