ग्वाकामोलीतून (ब्राउझरमधून दुसरं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर) आरडीपी (विंडोजचं रिमोट डेस्कटॉप) लागत नाही, लॅपटॉपवरून थेट लागतं. फायरवॉल तपासली. आता एनएलए (डेस्कटॉप उघडण्याआधीच लॉगिन तपासणारी विंडोजची सोय) बंद करू का?

नाही. एनएलएला हात लावू नका. हा सल्ला ऐकून कान किटले आहेत. बहुतेक उत्तरांत तोच असतो म्हणून तो बरोबर ठरत नाही.

थेट लागतं म्हणजे लॅपटॉप ते विंडोज हा रस्ता ठीक आहे, एवढंच. ग्वाकामोलीचा रस्ता वेगळा. ब्राउझर टॉमकॅट या वेब सर्व्हरशी बोलतो, टॉमकॅट ४८२२ पोर्टवर ग्वाकडी या ग्वाकामोलीच्या मागच्या सेवेशी, आणि विंडोजच्या ३३८९ वर जातो तो फक्त ग्वाकडी. म्हणून नेटकॅट (पोर्ट उघडं आहे का ते तपासणारं साधन) लावायचं ते ग्वाकडीच्या मशीनवरून, डॉकर असेल तर कंटेनरच्या आतून. (कनेक्शनमध्ये होस्टनेम 'लोकलहोस्ट' दिलं असेल तर कंटेनर स्वतःलाच शोधत बसलाय.) विंडोजवर रिमोट कनेक्शन मॅनेजरचा ऑपरेशनल लॉग उघडा. तुमच्या प्रयत्नाच्या वेळी तिथे इव्हेंट २६१ दिसला तर टीसीपी पोहोचलं. मग फायरवॉलचा पिच्छा सोडा.

पुढचं सगळं ग्वाकडीच्या लॉगमध्ये असतं, ब्राउझरमधल्या चौकटीत नाही. तिथे बहुतेक 'सिक्युरिटी निगोशिएशन फेल्ड' दिसेल आणि पुढे कंसात 'राँग सिक्युरिटी टाइप' प्रश्नचिन्हासह. त्या प्रश्नचिन्हानेच घोळ केलाय. लोक ते उत्तर समजतात, ग्वाकामोलीतला सिक्युरिटी मोड एनएलए, टीएलएस, आरडीपी असा फिरवत बसतात आणि शेवटी विंडोजवर एनएलए काढून टाकतात.

त्या ओळीच्या वरच्या ओळी वाचा. होम डिरेक्टरीत लिहिता येत नाही, अशी सूचना आहे का? सोर्समधून बांधलेला ग्वाकडी सेवा म्हणून 'डीमन' या खात्याने चालतो. डेबियन-उबुंटूवर त्या खात्याचं घर म्हणजे 'यूएसआर'खालचं 'एसबिन', जिथे डीमनला लिहायची परवानगीच नाही. ग्वाकडी आतून फ्रीआरडीपी ही आरडीपीची लायब्ररी वापरतो आणि फ्रीआरडीपीला आपली कॉन्फिग आणि सर्व्हरची प्रमाणपत्रं घरात साठवायची असतात. तिथे ते अडकतं. 'इग्नोर सर्ट'वर (प्रमाणपत्र तपासू नका, हा पर्याय) टिक केली म्हणून त्या फोल्डरला लिहायची परवानगी मिळत नाही.

खूण सोपी आहे: सेवा थांबवून ग्वाकडी रूटने हाताने, फोरग्राउंडमध्ये, लॉग पातळी डीबग ठेवून चालवला तर कनेक्शन लागतं, सेवा म्हणून पुन्हा सुरू केला की पडतं. रूटला लिहिता येणारं घर आहे, म्हणून. इथे बरेच जण 'आपोआप सुटलं' म्हणून हात झटकतात आणि रीबूटनंतर परत तेच.

उपाय: होम डिरेक्टरीसह वेगळा सिस्टम युझर तयार करा, ती डिरेक्टरी त्याच्याच मालकीची ठेवा, ग्वाकडीच्या युनिट फाइलमधलं (सेवा कशी चालवायची ते सांगणारी फाइल) डीमनचं नाव बदलून त्याचं द्या, सेवा सांभाळणारं सिस्टमडी रीलोड करा, सेवा रीस्टार्ट करा. ग्वाकडी रूटनेच चालू ठेवणं हा उपाय नव्हे, आळस आहे.

लॉगमध्ये तुमचं कनेक्शन उमटतच नसेल तर टॉमकॅट ग्वाकडीपर्यंत पोचतच नाही. बऱ्याचदा ग्वाकडी कोलन-कोलन-एक या आयपीव्ही६ पत्त्यावर ऐकत असतो आणि टॉमकॅट १२७.०.०.१ वर दार वाजवतो. ग्वाकडीच्या कॉन्फ फाइलमध्ये बाइंड होस्ट स्पष्ट लिहा. कनेक्शन लागतं पण रडतखडत चालतं, ही वेगळी तक्रार: टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी असेल तर त्यात प्रॉक्सी बफरिंग बंद करा आणि वेबसॉकेटचे अपग्रेड हेडर पुढे जातायत ना ते बघा.

एनएलएबद्दल इतका आग्रह का? २०१९ च्या ब्लूकीप या आरडीपीतल्या सुरक्षात्रुटीच्या वेळी एनएलए चालू असलेल्या जुन्या विंडोजवर निदान हल्लेखोराला आधी वैध लॉगिन लागत होतं. ते कवच एका चुकीच्या फोल्डरपायी का उतरवायचं?

हां, एनएलए खरंच आड येतं अशा जागा आहेत. डोमेन चुकलंय, किंवा खात्यावर 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला' आहे. असं असेल तर विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, सापडेल. खातं दुरुस्त करा. आणि समोर विंडोज नसून लिनक्सवरचं एक्सआरडीपी असेल तर त्याला एनएलए येतच नाही. तिथे मोड टीएलएस ठेवा.