मेव्हण्याचं ट्रकचं लायसन हरवलंय, मालक गाडी देत नाही

दादा, आधी मेव्हण्याला सांग डोकं शांत ठेव. पाकीट चाकण ते कागलच्या मधे कुठं पडलं ते आता शोधत बसू नका, हरवलंय ते प्लास्टिकचं कार्ड, लायसन आरटीओच्या रेकॉर्डला आहे तसंच आहे. त्याला फक्त लायसन नंबर लागेल, तो पाठ नसेल तर मालकाच्या फाईलला झेरॉक्स असतेच, नाहीतर जुन्या चलनावर बघा.

नंबर मिळाला की आजच डिजिलॉकरला (सरकारी कागदपत्रांचं ॲप) ओढून घ्या. 2018 पासून डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहनमधलं (परिवहन खात्याचं ॲप) लायसन चालतं, हवालदार नको म्हणाला तरी शांतपणे ॲप उघडून दाखवायचं. व्हॉट्सॲपवर पडलेला कार्डाचा फोटो मात्र चालत नाही, लोक इथंच फसतात. आणि आधारवर नाव वेगळं असेल (बापाचं नाव मधे, आडनाव पुढे असले प्रकार) तर डिजिलॉकर अडतं, मग एमपरिवहन बघा.

मालकाचंही चुकत नाही म्हणा, विना लायसन माणसाला गाडी दिली तर दंड त्यालाही आहे, चालवणाऱ्याला 5000 वेगळे, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं लायसनच मागतात. त्याला मोबाईलवर व्हॅलिडिटी दाखवा, तोंडी सांगून कोण ऐकतंय.

मग पुणे पोलिसांच्या साईटवर लॉस्ट रिपोर्ट, आणि सारथीवर (लायसनची सरकारी वेबसाईट) डुप्लिकेटचा अर्ज. आधार ओटीपीने केलं तर संगम ब्रिजच्या आरटीओत लाईनीत उभं राहायची गरज नाही, कार्ड पोस्टाने घरी येतं. एजंट चार हजार मागतोय म्हणालास, ते कशाचे? सरकारी फी त्याच्या जवळपासही नाही. गडबड एकच होते, रेकॉर्डला जुना मोबाईल नंबर असतो आणि ओटीपी कुणा भलत्यालाच जातो, तो आधी बदलून घ्या. लायसन जुनं पुस्तकवालं असेल आणि ऑनलाईन दिसतच नसेल तर मात्र आरटीओची चक्कर चुकत नाही.

हेवी लायसन पाच वर्षांचं असतं, संपायला वर्षाच्या आत राहिलं असेल तर रिन्युअलच टाका, नवीन कार्ड येतंच की, फक्त डॉक्टरचा फॉर्म 1ए लागेल. टँकर चालवत असेल तर हॅझार्डसची (धोकादायक मालाची) एंट्री वेगळी असते आणि तिची मुदत तीन वर्षच, ती पण बघून घ्या.

माझं स्वतःचं असंच गेलेलं, रात्री नाक्यावर दाखवलं आणि डॅशबोर्डवर टाकलं, सकाळी गायब. डुप्लिकेट काढून आठ महिने झाले आणि क्लीनरच्या सीटखालच्या पेटीत ताडपत्रीच्या दोरीत गुंडाळलेलं सापडलं, चिपवर ग्रीसचा थर. असं काही सापडलं तर जुनं आरटीओत जमा करायचं, दोन्ही खिशात घेऊन फिरायचं नाही.