नदी न ओलांडता पलीकडच्या वडापर्यंतचं अंतर कसं मोजायचं?

तुम्ही विचारलंय की शेतासमोरच्या नदीपलीकडे एक वड आहे, नदी न ओलांडता त्याचं अंतर काढता येईल का, त्रिकोणीकरण म्हणतात ते हेच का, आणि मोबाइलचं जीपीएसही तेच करतं का.

अंतर काढता येतं, आणि त्रिकोणीकरण ते हेच. जीपीएसचं काम मात्र वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

आपल्या काठावर दोन खुंट्या ठोका, अ आणि ब. मधलं अंतर टेपने नीट मोजा, समजा १०० मीटर. ही झाली आधाररेषा. अ वर उभं राहून ब आणि वड यांच्यातला कोन मोजा, समजा ६२ अंश. ब वरून अ आणि वड यांच्यातला मोजा, समजा ७१. तिसरा कोन उरला ४७. शाळेतला साइनचा नियम लावला की अ पासून वड १२९.३ मीटर येतो, आणि आधाररेषेपासून वडापर्यंतचं सरळ आडवं अंतर ११४.१५ मीटर. पाय ओले झाले नाहीत.

एवढा खटाटोप का, तर जुन्या काळी कोन मोजणं सोपं होतं आणि लांबी मोजणं महाकठीण. पोलादी टेप उन्हात वाढते. १० अंश सेल्सिअसने तापमान चढलं तर १०० मीटरला सेंटीमीटरभर फरक पडतो. शिवाय वाटेत ओढे, झाडं, कुणाची उभी पिकं. भारताची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने एप्रिल १८०२मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजायला घेतली. साधारण १२ किलोमीटरची ती रेषा मोजायला ५७ दिवस लागले. त्यानंतर मात्र त्रिकोणाला त्रिकोण जोडत, मुख्यतः कोनच मोजत तो पुढे सरकत गेला. अधूनमधून एखादी नवी आधाररेषा मोजायची, ती फक्त आधीचा हिशेब जुळतो का ते बघायला. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, अर्धा टन वजनाचा होता. १८०८मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि कोन वाचायची तबकडी वाकली. तंबूत बसून सहा आठवडे त्याने ती स्वतःच्या हाताने सरळ केली म्हणतात. मला त्याची ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. हा माणूस जानेवारी १८२३मध्ये काम करता करताच वारला, तो आपल्या हिंगणघाटला. तिथे त्याची कबर आहे.

पुढे याच साखळीतून मिळालेल्या ठिकाणांवरून, नेपाळमध्ये पाऊल न टाकता, दीडशे किलोमीटरहून जास्त लांबून पंधरा क्रमांकाच्या शिखरावर दुर्बीण लावली गेली आणि उंची निघाली २९,००२ फूट. तेच एव्हरेस्ट. आजचा अधिकृत आकडा ८८४८.८६ मीटर आहे. जुना त्याच्यापेक्षा फक्त ९ मीटरने कमी.

आता खरी मेख. त्रिकोण निमुळता नको. वर दिलेल्या उदाहरणात ब चा कोन एका मिनिटाने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने चुकला, तर वडाचं अंतर ५ सेंटीमीटरने चुकेल. पण आधाररेषा तीच १०० मीटर ठेवून सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचं देऊळ मोजायला गेलात, की देवळापाशी होणारा तिसरा कोन ५ अंशांचा होतो आणि तेवढ्याच चुकीला जवळजवळ ४ मीटर जातात. म्हणून कुठलाही कोन ३० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये.

दुसरं, जमेल तिथे तिन्ही कोन मोजावेत. मी पदविकेच्या मुलांना बरीच वर्षं सर्वेक्षण शिकवलं. कॅम्पमध्ये दुपारी ऊन चढलं की काही गट दोनच कोन मोजायचे आणि तिसरा सावलीत बसून वजाबाकीने भरायचे. बेरीज अगदी १८० अंश ० मिनिटं ० सेकंद! असं फील्डबुक दिसलं की मी आधी त्या गटाला परत डोंगरावर पाठवायचो. खरं मोजलं की बेरीज थोडी हलतेच. लॅम्ब्टनच्या मोठ्या त्रिकोणांत तर ती १८० पेक्षा किंचित जास्त यायलाच हवी, कारण पृथ्वी गोल आहे: दर दोनशे चौरस किलोमीटरला साधारण एक सेकंद, म्हणजे कोनाच्या मिनिटाचा साठावा भाग.

जीपीएसबद्दल. तुमचा मोबाइल कोन मोजतच नाही. चार किंवा जास्त उपग्रहांकडून संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून तो अंतरं काढतो आणि अंतरांवरून जागा ठरवतो. टोटल स्टेशनमुळे, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रामुळे, जमिनीवरही आता लांबी झटक्यात मिळते, त्यामुळे सारं उलटं झालंय.

तुमच्याकडे थिओडोलाइट नसणार, आणि मोबाइलचं होकायंत्र दोन-चार अंश सहज चुकतं, त्याच्या नादी लागू नका. एका स्टुलावर ड्रॉइंग बोर्ड सपाट ठेवा, कागद चिकटवा. १ सेंटीमीटरला १० मीटर असं धरून आधाररेषा काढा. अ वर बोर्ड असा ठेवा की कागदावरची रेषा ब च्या खुंटीकडे रोखलेली राहील. मग अ च्या टिंबाला पट्टी टेकवून वडावर नेम धरा आणि रेघ ओढा. ब वर जाऊन तीच रेषा आता अ कडे रोखा, पुन्हा वडाकडे रेघ. दोन रेघा छेदतात तिथे वड. मिलिमीटरला मीटर, म्हणजे एक-दोन मीटरच्या आत उत्तर मिळावं. वडाच्या पारंब्यांची खोडंही मूळ खोडासारखी दिसतात, तेव्हा दोन्ही खुंट्यांवरून एकाच खोडावर नेम धरताय ना, ते बघा. नाहीतर वड थेट नदीत येऊन उभा राहील.