आशा सुटली तरी आस सुटत नाही

"मॅडम, मी वेडी आहे का हो?"

फोन टेबलावर उताणा ठेवलेला. बोलता बोलता बाईंचा अंगठा त्याच्या काचेवरून सारखा फिरत होता. मुलानं घराशी संबंध तोडून दोन वर्षं झाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाई इंग्रजीच्या शिक्षिका. म्हणाल्या, "आय ॲम होपिंग अगेन्स्ट होप. म्हणजे स्वतःला फसवतेच आहे ना मी?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी खूप जण येतात. बाईंसोबत मी त्या शब्दांपाशीच थांबले. हा वाक्प्रयोग १६११ च्या किंग जेम्स बायबलमधल्या एका ओळीवरून रुळला. ज्यूंचा मूळ पुरुष अब्राहाम शंभरीला टेकलेला, मूल होण्याची आशाच उरलेली नाही, तरी त्यानं आशा धरली, असं येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या 'रोमकरांस पत्रा'त लिहितो. आशा दोनदा येते ती अशी. पहिली, परिस्थिती बघून वाटणारी. ती संपलेली असते. दुसरी तरीही तग धरून राहते. आपल्याकडे हिला आस म्हणतात.

"बस वेळेवर यावी म्हणून कुणी होपिंग अगेन्स्ट होप म्हणतं का?" मी विचारलं. त्या हसल्या. मी पुढे म्हणाले, "चिन्हं बरी नाहीत हे मनाशी कबूल असतं, तेव्हाच हे शब्द तोंडी येतात. फसवून घेणारा माणूस 'येईलच तो' म्हणतो. तुम्ही तसं म्हटलं नाहीत."

त्यांचे डोळे भरून आले. बराच वेळ आम्ही दोघीही गप्प होतो.

मला काळजी वेगळीच होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं, "तो आला की करू" म्हणून. आस ठेवायला माझी हरकत नव्हती, डोळे तिच्याकडे गहाण टाकायला होती. सी. आर. स्नायडर या मानसशास्त्रज्ञानं आशेत तीन गोष्टी पाहिल्या: ध्येय, तिथवरच्या वाटा आणि चालण्याची उमेद. मुलाकडे जाणारी एकच वाट बाईंच्या हातात होती. त्याच्या वाढदिवसाला दोन ओळी पाठवायच्या, उत्तर मागायचं नाही. डोळ्यांची वाट मात्र पूर्ण त्यांचीच होती.

ऑपरेशननंतर त्या भेटायला आल्या, तेव्हा फोन पर्समध्ये होता. मध्येच वाजला. बाईंनी हातातलं वाक्य पुरं केलं, मग फोन काढला. मुलाचा नव्हता. "हं, तर काय सांगत होते..." म्हणत त्यांनी तो परत आत ठेवला.