पावसात उघडलेला कोपरा

प्रश्न : जानेवारीत पुण्यात असताना वडिलांच्या फोटोसाठी मी आफ्रिकन पडौक या लाल लाकडाची फ्रेम स्वतः केली. पट्टी ३ इंच रुंद, कोपरे ४५ अंशांत कापून नुसत्या फेविकॉलने चिकटवलेले. तेव्हा सांध्यात केससुद्धा शिरत नव्हता. आता जुलैत गावी आणली, तर चारही कोपरे बाहेरच्या अंगाने उघडलेत आणि लाल रंग मातकट झालाय. कापताना चुकले का? भुसा आणि फेविकॉल कालवून फट भरू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, कापणं चुकलं असतं तर फट जानेवारीतच दिसली असती. पावसाळ्यात तुमच्या घराचं दार चौकटीत अडकतं ना, त्यातलाच हा प्रकार. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. पट्टी रुंद झाली आणि लांबी तेवढीच राहिली, की ४५चा कोन ४५ राहत नाही. सांधा बाहेरून उघडतो. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की तोच आतून उघडतो. फट कुठल्या अंगाला आहे ते बघून मी ओळखतो, फ्रेम कुठल्या मोसमात केलेली आहे.

भुसा मात्र भरू नका. हिवाळ्यात फट मिटायला बघेल, मध्ये तो घट्ट गोळा, मग सांधा आतून फाटेल. दिवाळीपर्यंत थांबा. मग कोपरे सुटे करा आणि प्रत्येक पट्टीची बाहेरची दीड इंच फळी कापून टाका. फोटो बसतो ती आतली खाच तशीच राहते, त्यामुळे फोटोचं माप बदलत नाही. अरुंद पट्टी हलतेही कमी. कापलेल्या टोकांना आधी फेविकॉलचा पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग दुसरा हात देऊन आवळा. टोकं डिंक पितात. एकाच हातावर जोडलं की सांधा उपाशी राहतो. सुकल्यावर कोपऱ्यावर आडवी चीर पाडून पातळ चीप बसवा, चिपेच्या शिरा सांध्याला आडव्या हव्यात. वेंगे या काळपट लाकडाची घातलीत तर शोभेलही. घासताना नाकाला फडकं बांधा, पडौकचा भुसा फार शिंका काढतो.

रंगाचं काही करता येत नाही. एकदा पडौकच्या फळीवर मी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) विसरलो, फळी खिडकीशी. काही महिन्यांनी उचलला तर सगळी फळी तपकिरी आणि मधे गुण्याच्या आकाराचा लालभडक ठसा! पॉलिशने हे लांबतं, थांबत नाही. फोटो उन्हापासून दूर लावा.

(नवीन पट्टी घेणार असाल तर वखारीतून पक्की पावती घ्या. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराच्या (CITES) २०२२च्या पनामा परिषदेत आफ्रिकन पडौकच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलंय.)

प्रश्न : १२ बाय १६ इंचांच्या चित्राला दीड इंची पट्टी किती लागेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चित्राचा घेर ५६ इंच, त्यात पट्टीच्या रुंदीची आठपट म्हणजे १२, झाले ६८. करवतीची खाई आणि एखादा फसलेला काप धरून ७ फूट घ्या. समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून धरा आणि लांबी बोटाने चाचपा. तिथे नखाएवढा फरक असला तरी चौथा कोपरा बसत नाही.