अल्बमची किंमत किती ठेवू, विचारलंस ना

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उरकण्यासारखा प्रश्न नव्हता म्हणून थांबलो. नऊ गाणी तयार, मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) झालं, आणि आता गाडी अडलीये किमतीवर. "फुकट टाकलं तर लोक ऐकतील तरी" हे तू तीनदा लिहिलंयस, त्यामुळे ते मनात पक्कं होत चाललंय असं दिसतंय.

थांब जरा. किमतीचा हा घोळ आधी रेकॉर्ड कंपन्यांनी घालून ठेवलाय आणि निस्तरतोय आपण. १९८१ मध्ये टॉम पेटी या अमेरिकन रॉक गायकाचा अल्बम यायचा होता, कंपनी म्हणाली मोठा स्टार आहे तर ८.९८ ऐवजी ९.९८ डॉलर लावू. तो अडून बसला, अल्बमचं नावच ८.९८ ठेवतो म्हणाला, शेवटी कंपनी नमली. एका डॉलरसाठी एवढा तमाशा? पण लोक चिडले असते ते त्याच्यावर, कंपनीवर नाही. कव्हरवर फोटो कोणाचा असतो!

मग सीडी आली. सुरुवातीला बनवायला महाग होती, म्हणून किंमत जास्त, ठीक आहे. पुढे कारखाने वाढले, छपाईचा खर्च धाडकन उतरला, पण दुकानातली किंमत काही खाली येईना, आणि वर अमेरिकेत सिंगल्स, म्हणजे सुटी गाणी, काढणंच हळूहळू कमी केलं म्हणजे एक गाणं आवडलं तरी अख्खा अल्बम घ्या. किंमत पडू नये म्हणून दुकानदारांना जाहिरातीचे पैसे द्यायचे आणि अट घालायची की अमुक किमतीच्या खाली जाहिरात करायची नाही. २००० साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पाच मोठ्या कंपन्यांना यावरून पकडलं, आणि त्यांचा अंदाज होता की तीन वर्षांत गिऱ्हाइकांनी ४८ कोटी डॉलरपर्यंत जास्तीचे मोजले. याच सुमारास, १९९९ मध्ये, नॅपस्टर आलं, इंटरनेटवर एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय. आता सांग, लोक तिकडे पळाले ते फक्त फुकट मिळतं म्हणून? एकच गाणं हवं होतं, ते एकटं मिळत होतं, हेही होतंच ना. कंपन्यांनी किमती उतरवायच्या सोडून २००३ मध्ये साध्या ऐकणाऱ्यांवर खटले भरले. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानाने एक गाणं ९९ सेंटला विकून दाखवलं आणि लोकांनी विकत घेतलं, हे महत्त्वाचं.

म्हणजे पैसे द्यायला लोकांची ना नसते, फसवल्यासारखं वाटलं की मात्र हात आखडतो.

करारांचंही सांगतो, कारण कोणीतरी तुला गाठणारच आहे. जुन्या तव्यांच्या काळात वाटेत रेकॉर्ड फुटायच्या म्हणून कलाकाराची रॉयल्टी (विक्रीतला हिस्सा) ९० टक्के विक्रीवरच धरायचे. तवे गेले, सीडी आली, तरी ही कपात कितीतरी करारांत तशीच राहिली, सोबत पॅकेजिंगच्या नावाने वेगळा काट. माझं पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा विक्री झालेली दिसत होती आणि माझ्या नावावर आकडा उणे! अ‍ॅडव्हान्स, स्टुडिओ, व्हिडिओ, सगळं माझ्या हिश्श्यातून वळतं करून घेतलेलं, आणि मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, मात्र त्यांच्याकडे. सही करताना मी ते वाचलं नव्हतं, चूक माझीच. तू वाच. मास्टर कोणाचा राहणार आणि किती वर्षं, हे आधी बघ, टक्केवारी नंतर.

आता तुझं. फुकट नको. स्ट्रीमिंगवर टाक, बिनधास्त टाक, पण ते ओळख व्हायला, पोट भरायला नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १००० प्लेज झाले नाहीत तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे काहीच मिळत नाहीत. ज्याला खरंच आवडलंय त्याला पैसे द्यायला एक जागा ठेव. बँडकॅम्प या गाणी थेट विकायच्या साइटवर कमीत कमी किंमत तू ठरवायची आणि त्यावर कोणाला जास्त द्यायचे तर देता येतात, ते स्वतः डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतात. ती कमीत कमी किंमत एवढी असावी की एक ओळखीचा माणूस विचार न करता देईल, आणि अख्खा अल्बम सुट्ट्या गाण्यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडला पाहिजे.

रेडिओहेड या ब्रिटिश बँडने २००७ मध्ये अल्बमची किंमत ऐकणाऱ्यांवरच सोडली होती हे तू लिहिलंयस. खरंय, पण त्याआधी कितीतरी वर्षं एका मोठ्या कंपनीच्या पैशावर त्यांचं नाव जगभर झालेलं होतं, आणि त्याच वेळी ४० पौंडांचा बॉक्स सेटही विकायला ठेवला होता. ते कोणी सांगत नाही.

विनाइलचा, म्हणजे तव्यावर अल्बम काढायचा, मोह आवर. छापायला बराच वेळ जातो, कमीत कमी नगांची अट असते आणि उरलेले डबे कॉटखाली जातात (माझ्या सीडी अजून तिथेच आहेत, हसू नकोस). आधी प्रीऑर्डर घे, आकडा जमला तरच छाप. आणि पहिल्या महिन्यातच किंमत पाडू नकोस गं, ज्यांनी पहिल्या दिवशी घेतला तेच तुझे खरे लोक, त्यांना मूर्ख ठरवल्यासारखं होतं.

बाकी तिसऱ्या गाण्यात बेस फार वर आलाय, मास्टरिंग परत करून घ्यावं लागलं तरी चालेल. ते ठीक झालं की फाइल पाठव, मग आकड्याचं बोलू.