चर्चच्या आवारात भरणारी चार्टर शाळा: मुलीला घालावी का?

नाशिकहून अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या चँडलरला जाताय. घराजवळची चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली शाळा, फुकट आहे, पण ती भरते चर्चच्या आवारात. तिथे मुलीला ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावतील का, हा तुमचा प्रश्न. नाही लावता येत. ॲरिझोनात १९९४ च्या कायद्याने चार्टर शाळा आल्या आणि त्याच राज्याच्या कायद्यात अभ्यासक्रम, प्रवेश, नोकरभरती, सगळा कारभार धर्मनिरपेक्ष हवा अशी अट आहे.

इमारतीवरून काही ठरवू नका. नव्या शाळेला स्वतःची जागा परवडत नाही आणि चर्चचे वर्ग आठवडाभर रिकामे असतात, म्हणून भाड्याने घेतात. खरी गल्लत होते ती शाळा सुटल्यावर. त्याच वर्गात चर्चचा पाळणाघरासारखा उपक्रम भरू शकतो. तो खासगी, फी वेगळी, आणि तिथे बायबलच्या गोष्टी चालतात. प्रवेशाच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्याचाही फॉर्म असला तर वर कोणाचं नाव आहे ते वाचूनच सही करा.

सरकारी पैशावरच्या शाळांत शिक्षकांनी वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घेणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १९६२ पासून बंद आहे. शेजारची मुलगी डबा उघडण्याआधी हात जोडेल, तो तिचा हक्क. तुमच्या मुलीच्या टिकलीलाही तोच आधार. सकाळच्या झेंड्याच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख आहे. त्याच न्यायालयाच्या १९४३ च्या निकालामुळे ती म्हणायची सक्ती करता येत नाही. ‘क्लासिकल’, म्हणजे जुने अभिजात ग्रंथ वाचण्यावर भर देणाऱ्या शाळांत बायबलमधले उतारे साहित्य म्हणून शिकवतात, तेही चालतं. दिवाळीच्या रजेसाठी मात्र आधीच लेखी कळवा, नाहीतर विनाकारण गैरहजेरी लागते.

ऑफिसात कोणी सांगेल, ‘इथे सरकार धार्मिक शाळेलाही पैसे देतं.’ देतं, पण ती एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट ही निराळी योजना, जिच्यात खासगी शाळेच्या फीसारख्या खर्चासाठी राज्य पालकांना पैसे देतं; २०२२ पासून सगळ्या मुलांना खुली. तिच्या करारावर सही केली की चार्टर शाळेतली जागा सोडावी लागते. दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि नवे लोक नेमके इथेच फसतात.

ओक्लाहोमाची बातमीही कानावर येईल. सेंट इसिडोर ही कॅथलिक ऑनलाइन शाळा चार्टर म्हणून मंजूर झाली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती मंजुरी रद्द केली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाली, म्हणून खालचा निकाल टिकला. पण बरोबरीचा निकाल देशभर बंधनकारक नसतो. त्यामुळे पुढेमागे राज्य बदललंत तर तिथला कायदा नव्याने बघा.

प्रवेशासाठी जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि भाडेकरार किंवा वीजबिल हाताशी ठेवा. बालवाडीला १ सप्टेंबरच्या आत ५ वर्षं पूर्ण हवीत. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत निघते; भावंड आधीच त्या शाळेत असेल तर प्राधान्य मिळू शकतं. धर्म कोणता, हे त्या अर्जात विचारलं असेल तर तो रकाना कोरा सोडा आणि चार्टर शाळांच्या राज्य मंडळाला कळवा.